ई-मेलच्या पेटीतील नको असलेले टपाल : व्यापाऱ्याने काय करावे?

पूर्वी दुकानात पोस्टमन दिवसातून एकदा येत असे. पाच-सात पत्रे, एखादी बिल्टी, कधी बँकेचे पाकीट, एवढाच पसारा असे. मुनीमजी ते फोडून वाचत आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येकाला उत्तर जाई. आज टपाल मोबाईलमध्ये येते आणि हा पोस्टमन रात्रंदिवस थांबत नाही. माझ्या पेटीत रोज शंभरेक पत्रे पडतात. त्यात माझ्या धंद्याची आठ-दहा असतात. बाकी सारे कर्ज देणारे, लॉटरी लागल्याची खबर देणारे, वजन कमी करून देणारे आणि ज्यांचा माल मी जन्मात घेणार नाही असे विक्रेते.

पुष्कळ बांधव म्हणतात, 'येऊ द्या की, आपले काय जाते? वाचायचे नाही, झाले.' मीही असेच म्हणत होतो. माझे काय गेले ते आधी सांगतो, म्हणजे या विषयावर व्यापाराच्या पानात एवढे का लिहितो आहे ते कळेल.

दुबईतील एक ग्राहक वर्षानुवर्षे माझ्याकडून कॅम्ब्रिक घेत असे. एके दिवशी त्याने ई-मेलने ४० हजार मीटरचे दर विचारले. मला ते पत्र दिसलेच नाही. तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. तो रागावला नव्हता. एवढेच म्हणाला, 'शेठ, दर परवडत नसेल तर तसे सांगायचे. उत्तरच दिले नाहीत.' तोवर माल त्याने दुसरीकडून उचलला होता. आपल्या धंद्यात नाही म्हटलेले चालते, पण पत्राला उत्तर न देणे म्हणजे समोरच्याला किंमत न देणे होय. ऑर्डर गेल्याचे दुःख आठ दिवसांत ओसरले. त्या वाक्याचे अजून ओसरलेले नाही.

पत्र गेले कुठे, हे माझ्या भाच्याने शोधून काढले. ते 'स्पॅम' नावाच्या खणात पडले होते. तो म्हणाला, 'मामू, हे तुम्हीच तिकडे पाठवले आहे.' आणि ते खरे होते. माझे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. इंग्रजी पत्र मला अडखळत वाचावे लागते. त्यामुळे एकतर प्रत्येक इंग्रजी पत्र सरकारी वाटून मी घाबरत असे, नाहीतर कंटाळून पन्नास-पन्नास पत्रे एकदम निवडून 'स्पॅम' म्हणून ढकलून देत असे. त्या ढिगात याच ग्राहकाने सर्वांना पाठवलेले ईदच्या शुभेच्छांचे पत्रही होते. तेव्हापासून माझ्या पेटीने त्याला आगंतुक ठरवले होते. दोष माझाच होता, पण तो अज्ञानाचा होता. तसा दुसऱ्या कोणाचा होऊ नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हे टपाल आले कोठून?

१९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिले ई-मेल पाठवले. त्यानंतर सातच वर्षांनी, ३ मे १९७८ रोजी, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्याने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे ४०० जणांना एकच जाहिरात एकदम पाठवली. आगंतुक ई-मेलची सुरुवात म्हणून हीच घटना सांगितली जाते. लोक चिडले, तक्रारी झाल्या, पण कंपनीला गिऱ्हाईकही मिळाले. या रोगाचे मूळ तेथेच आहे. १९९४ साली अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील एका वकील दांपत्याने ग्रीन कार्डच्या लॉटरीची जाहिरात हजारो चर्चागटांत एकदम टाकली आणि मग हा उद्योगच सुरू झाला.

'स्पॅम' हे नाव १९३७ साली अमेरिकेत बाजारात आलेल्या डबाबंद डुकराच्या मांसाचे. १९७० साली ब्रिटिश दूरदर्शनवरील 'मॉन्टी पायथन' या विनोदी कार्यक्रमात एक प्रसंग होता. त्यात हॉटेलातील प्रत्येक पदार्थात तेच मांस घातलेले असते, नको म्हटले तरी ताटात येते. नको असताना पुन्हापुन्हा समोर येणाऱ्या पत्रांना संगणकवाल्यांनी तेच नाव दिले. आपल्या वाचकांनी दोन्ही अर्थांनी ते दूर ठेवलेले बरे!

याचा हिशोब समजून घ्या

कोणताही धंदा का चालतो हे पाहायचे असेल तर त्याची खतावणी पाहावी. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आणि सॅन डिएगो येथील संशोधकांनी औषधांच्या अशा जाहिरातपत्रांचा माग घेतला. २६ दिवसांत सुमारे ३५ कोटी पत्रे गेली आणि त्यामागे खरेदीला तयार झालेले ग्राहक निघाले २८. म्हणजे सव्वा कोटी पत्रांमागे एक गिऱ्हाईक! आपल्यापैकी कोणी असा धंदा एक दिवस करील काय? प्रत्येक पत्राला ५० पैशांचे तिकीट लावावे लागले असते तर साडेसतरा कोटी रुपये टपालखर्चातच गेले असते. परंतु येथे तिकीट नाही, कागद नाही, पाकीट नाही. बहुतेक पत्रे तर विषाणू शिरलेल्या दुसऱ्यांच्या संगणकांवरूनच पाठवली जातात. वीज दुसऱ्याची, जोडणी दुसऱ्याची, वेळ वाचणाऱ्याचा. खर्च जवळजवळ शून्य असल्यावर २८ गिऱ्हाइकेही नफाच देतात.

म्हणून हा प्रकार लवकर बंद होईल अशी आशा धरू नये. जानेवारी २००४ मध्ये दावोस येथे बिल गेट्स यांनी दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल असे भाकीत केले होते. ती दोन वर्षे केव्हाच उलटून गेली. जगातून ते जाणार नाही, पण आपल्या पेटीतून ते बरेचसे काढता येते.

तीन प्रकार, तीन उपाय

सर्व नको असलेली पत्रे सारखी नसतात. माझी चूक हीच की मी सर्वांना एकाच काठीने हाकले. सर्वप्रथम त्यांची प्रतवारी करावी, जशी आपण गिरणीतून आलेल्या तागांची करतो.

पहिला प्रकार म्हणजे आपणच ज्यांना पत्ता दिला ते. तिकीट काढले, मोबाईल घेतला, बँकेत खाते उघडले, कुठे सवलतीसाठी नाव नोंदवले. त्यांच्या जाहिराती येत राहतात. ही मंडळी चोर नव्हेत, फक्त चिकट आहेत. त्यांच्या पत्राच्या वर किंवा तळाशी 'अनसबस्क्राइब' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ, 'आमचे नाव यादीतून काढा.' ओळखीच्या कंपनीच्या बाबतीत ते बटण निःशंक दाबावे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर जाहिरातपत्रे पाठवणाऱ्यांना बंधन घातले आहे की एका बटणाने नाव कमी करण्याची सोय असलीच पाहिजे आणि विनंती दोन दिवसांत पाळली पाहिजे. जीमेलमध्ये २०२५ पासून अशा सर्व यादीवाल्यांची नावे एकत्र दाखवणारे पानही आले आहे. ते नसेल तर शोधाच्या चौकटीत 'अनसबस्क्राइब' हा शब्द इंग्रजीत टाकावा, सारी जाहिरातपत्रे एका ठिकाणी जमा होतात. तासाभरात निम्मा कचरा येथेच संपतो.

दुसरा प्रकार अनोळखी विक्रेत्यांचा. 'तुमच्या दुकानाचे नाव इंटरनेटवर पहिल्या क्रमांकावर आणून देतो', 'पाच लाख व्यापाऱ्यांचे पत्ते विकत घ्या' अशा थाटाचे. यांना उत्तर देऊ नये. 'कृपया पाठवू नका' असेही लिहू नये. त्यांच्या पत्रातील नाव काढण्याची लिंकही दाबू नये. कारण ते अंधारात दगड मारत असतात. आपण हूं म्हटले की घरात माणूस आहे हे त्यांना कळते आणि असा जागता पत्ता पुढे जास्त किमतीला विकला जातो. येथे फक्त 'स्पॅम कळवा' हे बटण दाबावे.

तिसरा प्रकार चोरांचा. प्राप्तिकराचा परतावा आला आहे, खाते बंद होणार आहे, पार्सल अडकले आहे, जोडलेले बिल पाहा, असे लिहून पासवर्ड किंवा पैसे काढणारे. परदेशातील मयत श्रीमंताची दौलत वाटून घेण्याचे आमिष तर फार जुने. नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातील कलमावरून त्याला जगभर '४१९' म्हणतात. आपल्याकडील ४२० चा तो सख्खा शेजारीच! अशा पत्रातील कोणतीही लिंक किंवा जोडलेली फाइल उघडू नये. 'फिशिंग कळवा' हा पर्याय निवडावा आणि पत्र काढून टाकावे. बँकेचा संशय आला तर बँकेच्या पासबुकावरील किंवा कार्डावरील नंबरवर स्वतः फोन करावा, पत्रात दिलेल्या नंबरवर नव्हे.

पेटीला शिकवावे लागते

चाळणी काम कशी करते हे कळले की निम्मे भय जाते. पूर्वी ठरावीक शब्द दिसले की पत्र अडवीत. मग ठग लोक शब्दांची अक्षरे बदलून लिहू लागले. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या संगणकतज्ज्ञाने एका लेखात सोपी वाट मांडली आणि ती पुष्कळांनी उचलली. अठराव्या शतकातील थॉमस बेज या इंग्रज पाद्रीच्या संभाव्यतेच्या गणितावर ती उभी आहे. नको असलेल्या पत्रांत कोणते शब्द किती वेळा येतात आणि कामाच्या पत्रांत कोणते, याची मोजदाद ठेवायची आणि नवे पत्र कोणत्या ढिगाशी जास्त जुळते ते पाहायचे. आजची चाळणी त्यापेक्षा पुष्कळ हुशार आहे, पाठवणारा कोण आहे हेही ती तपासते. पण तत्त्व तेच, मालक जे दाखवील त्यावरून शिकणे.

नवा गुमास्ता जसा मालकाकडे पाहून शिकतो तसेच हे आहे. मालकाने एका चांगल्या गिऱ्हाइकाला चारचौघांत झिडकारले, तर गुमास्ता दुसऱ्या दिवशी त्याला पायरी चढू देत नाही. माझ्या दुबईच्या ग्राहकाचे तेच झाले. म्हणून दोन नियम पाळावेत. एक, न वाचता ढिगाने 'स्पॅम' दाबू नये. नको असेल तर साधे काढून टाकावे. दोन, कामाचे पत्र चुकून त्या खणात सापडले तर नुसते वाचून सोडू नये, 'स्पॅम नाही' हे बटण दाबावे आणि त्या माणसाचा पत्ता आपल्या नावांच्या वहीत घालावा. तेवढ्याने पुढची पत्रे सहसा सरळ येतात.

हा खण आठवड्यातून एकदा तरी तपासावा. जीमेलमध्ये त्यातील पत्र ३० दिवसांनी आपोआप नष्ट होते. माझ्या ग्राहकाचा फोन आणखी पंधरवड्याने आला असता तर पुरावाही उरला नसता आणि मी त्यालाच खोटे ठरवले असते.

इंग्रजीची अडचण असलेल्या बांधवांना सांगतो, जीमेलची सर्व बटणे मराठीत व उर्दूतही मिळतात. सेटिंगमध्ये भाषा बदलली की झाले. लाज वाटून न विचारण्यापेक्षा घरातील मुलाकडून एकदा करून घ्यावे.

पत्ता जपावा

आपण पत्ता कोठे कोठे टाकतो ते पाहा. प्रदर्शनात काचेच्या बरणीत कार्ड टाकले, व्यापारी निर्देशिकेत छापला, दुकानाच्या पाटीवर लिहिला. संगणक इंटरनेटवरील पाने चाळून असे पत्ते वेचतात, नावांचा अंदाज बांधून तयार करतात, आणि एखाद्या कंपनीची यादी चोरीला गेली की तीही बाजारात येते. यावर सोपा तोडगा म्हणजे दोन पत्ते ठेवणे. एक फक्त ग्राहक, बँक आणि जीएसटी, प्राप्तिकर यांसाठी. दुसरा खरेदी, प्रदर्शने आणि नावनोंदणीसाठी. जुन्या काळी दुकानाला पुढचे दार आणि गोदामाला मागचे दार असे, तसेच.

जीमेलवाल्यांना आणखी एक युक्ती आहे. आपल्या नावापुढे अधिकचे चिन्ह आणि एखादा शब्द जोडून पत्ता दिला तरी पत्र आपल्यालाच येते. मेळ्यात दिलेल्या पत्त्याला 'मेळा' असा शब्द इंग्रजीत जोडावा. पुढे त्याच पत्त्यावर कर्जाच्या जाहिराती आल्या तर पत्ता कोणाकडून फुटला हे लगेच समजते.

चित्रे आपोआप उघडण्याची सोय बंद ठेवावी. पुष्कळ जाहिरातपत्रांत डोळ्यांना न दिसणारे एक ठिपक्याएवढे चित्र असते. ते उघडले की पाठवणाऱ्याला कळते की पत्र वाचले गेले. 'चित्रे दाखवण्यापूर्वी विचारा' असा पर्याय सेटिंगमध्ये आहे.

सर्वांत मोठा धोका

आता जे सांगतो ते प्रत्येक कारखानदाराने आपल्या मुनीमाला वाचून दाखवावे. सूत देणाऱ्या पेढीचे किंवा माल देणाऱ्या व्यापाऱ्याचे पत्र येते, 'आमचे बँक खाते बदलले आहे, या वेळचे पैसे नव्या खात्यात टाका.' नाव तेच, बिलाचा आकडाही तोच. ठगाने दोघांपैकी एकाची पेटी आधीच फोडून सारा व्यवहार वाचलेला असतो. कधी पत्र खऱ्याच पेटीतून येते, कधी पत्त्यात एकच अक्षर इकडचे तिकडे असते. लक्षात ठेवा, ई-मेलमध्ये पाठवणाऱ्याचे जे नाव दिसते ते पाकिटावर हाताने लिहिलेल्या नावासारखे आहे, कोणीही कोणाचेही लिहू शकतो. नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता अक्षर न् अक्षर पाहावा.

पण पत्ता बरोबर दिसला तरी नियम एकच. खाते बदलल्याचे पत्र आले की आपल्या वहीतील जुन्या नंबरवर फोन करून माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. समोरच्याला राग येणार नाही. आलाच तर तो परवडतो. यासोबत आपल्या पेटीला दुहेरी कुलूप लावावे, म्हणजे पासवर्डशिवाय मोबाईलवरचा कोडही लागेल.

पैसे गेलेच तर लाजेने घरात बसू नये. ताबडतोब आपल्या बँकेला आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा, तसेच सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पैसे ठगाच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी कळवले तर ते अडवता येण्याची शक्यता असते, म्हणून येथे तासांना किंमत आहे.

कायदा काय म्हणतो?

दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकाद्वारे फसवणूक करणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६-ड खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८ आहेच. मात्र निव्वळ कंटाळवाण्या जाहिरातपत्रांविरुद्ध अमेरिकेत २००३ साली झाला तसा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. त्रास देणाऱ्या ई-मेलचा उल्लेख असलेले कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, कारण त्याची मोघम भाषा अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला घालणारी होती. ट्रायचे २०१८ चे नियम फोन आणि एसएमएस यांच्यासाठी आहेत, ई-मेल त्यात येत नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मात्र दिलेली संमती तितक्याच सहजपणे मागे घेण्याचा हक्क आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींना त्यानंतर १८ महिन्यांची मुदत दिली गेली. थोडक्यात, चोराविरुद्ध कायदा आहे, चिकट माणसाविरुद्ध आपल्यालाच दार लावायचे आहे.

आपणही तेच करतो काय?

शेवटी एक कटू गोष्ट. आपल्यातीलही काही जण पत्त्यांच्या याद्या विकत घेऊन नव्या डिझाइनचे फोटो हजारो अनोळखी लोकांना पाठवतात. काही जण शंभर ग्राहकांना एकच पत्र लिहिताना सर्वांचे पत्ते उघडे ठेवतात. ग्राहकाचा पत्ता ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे, ती चव्हाट्यावर मांडू नये. अशा वेळी 'बीसीसी' या रकान्यात पत्ते घातले की कोणाला दुसऱ्याचा दिसत नाही. आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही पाहा. लोक तुमच्या पत्राला 'स्पॅम' ठरवू लागले की उद्या तुमचे खरे कोटेशनही त्याच खणात जाऊन पडेल. ज्यांनी आपल्या पेढीच्या नावाचा स्वतंत्र ई-मेल घेतला आहे त्यांनी संगणकवाल्याला 'एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क लावले आहे काय?' एवढे जरूर विचारावे. आपल्या नावाने जाणारे पत्र आपलेच आहे, याची ती मोहोर आहे.

मी आता दर शनिवारी दुकान उघडण्यापूर्वी पंधरा मिनिटे या कामाला देतो. स्पॅमचा खण पाहतो, कामाचे असेल ते बाहेर काढतो, दोन-तीन याद्यांतून नाव कमी करतो. पहिले दोन-तीन शनिवार जड गेले. आता रोज वीस-पंचवीस पत्रे येतात आणि प्रत्येक कामाच्या पत्राला त्याच दिवशी उत्तर जाते, मुनीमजींच्या काळी जात असे तसे.

दुबईच्या त्या ग्राहकाला मी सारी हकीकत लिहून कळवली आणि माफी मागितली. ४० हजार मीटरची ऑर्डर परत आली नाही, ती येणारही नव्हती. पण गेल्या महिन्यात त्याने पाच हजार मीटरचे दर विचारले. ते पत्र समोरच्या खणात पडले होते. मी दहा मिनिटांत उत्तर दिले.